ऑइलपाणी, पण ३५ हजार फुटांवर!

आधी एक कोडं. रंग पिकल्या जांभळाचा. हाताला लागलं तर चुरचुरतं, डोळ्यात गेलं तर थयथयाट. साध्या पेंटचा पापुद्रा सोलून काढतं, चुकीचं रबर फुगवून ठेवतं. आणि तरी तुमच्या विमानाचे ब्रेक, चाकं, पंखांवरच्या झडपा आणि शेपटी त्याच्याच जिवावर हलतात. ओळखा पाहू?

हेअर ऑइल नव्हे हो! हायड्रॉलिक फ्लुइड!

माहीत आहे का, आपण गाडीच्या टायरमध्ये हवा भरतो ३२-३३ पीएसआय. प्रवासी विमानाच्या हायड्रॉलिक पाइपात दाब असतो ३,००० पीएसआय. म्हणजे टायरच्या नव्वदपट! काँकॉर्डमध्ये तो ४,००० होता. एअरबस ए३८० आणि बोइंग ७८७ तर थेट ५,०००वर खेळतात.

एवढा अट्टहास कशाला? दाब वाढला की तीच ताकद बारीक पाइपातून आणि छोट्या पिस्टनमधून मिळते. ए३८०मध्ये या एका युक्तीने साधारण एक टन वजन वाचलं. आपण वजन कमी करायला डाएट करतो, एअरबसने ब्लडप्रेशर वाढवलं!

तत्त्व मात्र जुनंच, सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कलचं: बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. जेसीबीची खुदाई बघायला जी गर्दी उभी असते ना, ती खरं तर पास्कलचाच प्रयोग बघत असते. फरक इतकाच, की जेसीबीचा पाइप गळला तर मशीन रस्त्याकडेला उभं करून ड्रायव्हर चहा प्यायला जातो. वर आकाशात कडेला घ्यायला कडाच नाही. म्हणून ए३२०ला एकमेकांपासून अलग अशा तीन हायड्रॉलिक सिस्टिम असतात, हिरवी, निळी आणि पिवळी. बोइंग ७४७ला तर चार.

(नावं हिरवी-निळी-पिवळी असली तरी तेल तिन्हींत जांभळंच. उगाच कन्फ्यूज होऊ नका.)

लाल, जांभळं की निळं?

विमानाचं तेल रंगावरून ओळखतात. लाल म्हणजे पेट्रोलियमचं, जुनंजाणतं खनिज तेल. छोट्या सेसनाच्या ब्रेकमध्ये, बऱ्याच विमानांच्या चाकांच्या शॉक स्ट्रटमध्ये आजही तेच. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात सुखोई-३० ओव्हरहॉलला येतात. त्यांच्या नसांतही लालच, रशियन जातीचं, नाव एएमजी-१०.

जांभळं म्हणजे फॉस्फेट एस्टर. स्कायड्रॉल आणि हायजेट हे त्यातले नामवंत ब्रँड. जेटने मुंबई-दिल्ली केलीत? मग बहुतेक तुम्ही जांभळ्याच्या भरवशावर गेलात.

आणि निळं? हसू नका. ते चक्क एरंडेल!

हो हो, आजीने नाक दाबून पाजलेलं तेच. एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून, निळा रंग घालून जुन्या विमानांसाठी हायड्रॉलिक तेल बनायचं, कारण तेव्हाच्या नैसर्गिक रबराच्या सीलना दुसरं काही मानवत नसे. पहिल्या महायुद्धातल्या गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांतही वंगण म्हणून एरंडेलच होतं. त्याचे तुषार तोंडावर उडायचे, पोटात जायचे, आणि मग पायलटसाहेबांना लँडिंगची घाई व्हायची. कारण सांगायला नकोच!

माहीत आहे का, कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर ऑइलवरूनच आलंय. आणि जगात सगळ्यात जास्त एरंडी पिकवतो आपला भारत, त्यात गुजरात सगळ्यांच्या पुढे. तेव्हा ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणून यापुढे कुणाला हिणवू नका. एकेकाळी त्यावर विमानं उडायची.

जांभळ्याच्या जन्माची गोष्ट मात्र पेटती आहे. लाल खनिज तेलाची वाफ साधारण ८०-८२ अंश सेल्सिअसच्या पुढे ठिणगी मिळाली की पेट घेऊ शकते. लँडिंगनंतर ब्रेक तापतात शेकडो अंशांपर्यंत. आता त्यावर पाइप फुटून तेलाचा फवारा उडाला तर? १९४०च्या दशकाच्या अखेरीस डग्लस या विमान कंपनीने मोन्सँटो या केमिकल कंपनीला हाताशी धरलं आणि सहज न पेटणारं तेल बनवून घेतलं. तेच स्कायड्रॉल. ‘सहज न पेटणारं’ हे शब्द नीट वाचा. अजिबात न पेटणारं असं कुणीच म्हटलेलं नाही.

बोनस ट्रिव्हिया: अशा कितीतरी जांभळ्या तेलांत ट्रायब्युटिल फॉस्फेट नावाचं रसायन भरपूर असतं. हेच रसायन अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करायला लागतं. आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रात १९६०च्या दशकापासून ते याच कामावर आहे. विमानाचा ब्रेक आणि अणुबॉम्ब यांचं असं चुलत-चुलत नातं!

पत्रिका जुळली का?

आता येतो मुख्य मुद्दा. विमानाचा पार्ट झिजतो तो उडून उडून झिजतो, असं आपल्याला वाटतं. अर्धीच गोष्ट. बऱ्याचदा त्याला खातं ते चुकीचं तेल, घाणेरडं तेल किंवा उशिरा घातलेलं तेल.

चुकीच्या तेलाचा पहिला बळी म्हणजे सील. ती रबराची गोल रिंग हो, ओ-रिंग! कुकरच्या झाकणातल्या रिंगेची श्रीमंत चुलतबहीण. हिचं पेटंट घेणारे नील्स क्रिस्टेन्सन मूळचे डेन्मार्कचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. १९३९मध्ये पेटंट हातात पडलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. रिटायरमेंटनंतर काय करावं, असा प्रश्न पडलेल्यांनी नोंद घ्यावी.

तर तेल आणि रबर यांची पत्रिका जुळावी लागते. लाल तेलाला नायट्राइल रबर, जांभळ्याला ईपीडीएम. छत्तीस गुण! उलट केलंत की संसार संपला. नायट्राइलची रिंग जांभळ्यात घाला, ती भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखी टम्म फुगते, मऊ पडते आणि पिस्टनच्या कडेला चिरडून तिचे तुकडे पडतात. ईपीडीएमची रिंग लाल तेलात घातली तरी तोच तमाशा. पुढे ते तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात, आणि सीलचं दुखणं व्हॉल्व्हचं होतं.

म्हणून चुकून एक डबा दुसऱ्या रंगाचा ओतला गेला, तर ‘थोडंसंच गेलंय, चालतंय की’ हे वाक्य हँगरमध्ये चालत नाही. सिस्टिम रिकामी करा, धुऊन काढा, सील बदला. एक डबा, आठवडाभराची वाट!

आता हँगरमधलं गॉसिप. जांभळं तेल डोळ्यात उडालं तर जुने मेकॅनिक काय सांगायचे? एरंडेलाचे थेंब घाला! सेफ्टीवाले सांगतात, भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. तुम्ही सेफ्टीवाल्यांचं ऐका. पण एरंडेल काही पाठ सोडत नाही बघा!

न दिसणारी वाळू

डोळ्यांना किती बारीक कण दिसतो? साधारण ४० मायक्रॉनचा. केसाची जाडी ७०च्या आसपास. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन. आणि तेलाला वाट दाखवणाऱ्या सर्व्हो व्हॉल्व्हच्या आतली फट? जेमतेम १ ते ५ मायक्रॉन! म्हणजे तांबडी पेशीसुद्धा तिथे आडवी अडकेल, आणि तुम्ही म्हणताय ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’. दिसणारच! जे नुकसान करतं ते दिसतच नाही.

त्या फटीत शिरलेला कडक कण सँडपेपरचं काम करतो. एक चरा पडतो, त्यातून धातूचा नवा कण सुटतो, तो पुढे जाऊन आणखी चरे पाडतो. अफवेसारखं आहे हे, एकाचे दहा व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून कणांची चक्क शिरगणती होते. नॅस १६३८ नावाच्या जुन्या मापात तेलाला क्लास मिळतो. क्लास ९ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५ ते १५ मायक्रॉनचे जास्तीत जास्त १,२८,००० कण. एका छोट्या कपात सव्वा लाख! आणि गंमत म्हणजे प्रत्येक पुढच्या क्लासला आकडा दुप्पट होतो. शाळेत वरचा क्लास म्हणजे प्रगती, इथे अधोगती.

माहीत आहे का, नवं कोरं सीलबंद तेलसुद्धा पुरेसं स्वच्छ असेलच असं नाही? भरताना, वाहतुकीत, डबा उघडताना कचरा येतोच. म्हणून डब्यातलं तेल तसंच न ओतता फिल्टर लावलेल्या सर्व्हिसिंग कार्टमधून भरायचं. ‘नवं आहे, गाळायला कशाला?’ असं म्हणणारा माणूस पंपाचा शत्रू.

चाकांजवळ जरा वाकून बघू. विमानाच्या पायाचा आतला चकचकीत नळा दिसतो ना, शॉक स्ट्रटचा पिस्टन? त्यावर धावपट्टीची धूळ बसते. लँडिंगला तो नळा आत जातो, सील त्यावरून घासलं जातं आणि धूळ आपलं काम चोख बजावते. उपाय ऐकाल तर हसाल. त्याच तेलात भिजवलेलं स्वच्छ फडकं घ्यायचं आणि नळा गोल-गोल पुसायचा. बस! कोट्यवधींचं विमान आणि आईच्या ओट्यावरची टेक्निक.

स्ट्रटमध्ये तेलाच्या वर गॅस असतो, तो साधी हवा नव्हे, नायट्रोजन. कारण तेल अधिक ऑक्सिजन अधिक जोराचा दाब म्हणजे डिझेल इंजिन! पायात कुणाला हवंय ते?

चोर कोण? केमिस्ट्रीची सीआयडी

ही माझी फेव्हरिट केस. १९६०च्या दशकात जेट विमानांच्या व्हॉल्व्हच्या धारदार कडा झिजू लागल्या. तेल आतल्या आत गळायला लागलं. संशयित नंबर एक, कचरा. नंबर दोन, बुडबुडे फुटून होणारी झीज. पण दोघांवर आरोप ठेवूनही हिशेब जुळेना. गाळलेलं तेल असूनही कडा झिजतच होत्या.

१९७०मध्ये बोइंगच्या संशोधकांनी छापून टाकलं: चोर आहे वीज!

बाहेरून आलेली नव्हे, तेलाने स्वतः तयार केलेली. अगदी अरुंद फटीतून तेल प्रचंड वेगाने धावतं तेव्हा धातूला चिकटून असलेला विद्युतभार सोबत ओढून नेतं. ती उधारी फेडायला धातूतून बारीकसा करंट वाहतो आणि त्या व्यवहारात कडेचा धातू विरघळत जातो. म्हणजे व्हॉल्व्ह घासून नव्हे, गंजून झिजत होता! आणि आगीत तेल ओतायला (हा पन झालाच!) क्लोरीन होतं. ते कुठून आलं? पार्ट धुवायच्या क्लोरीनवाल्या सॉल्व्हंटमधून! साफसफाईनेच घात केला. आता तेलात क्लोरीन किती चालेल यालाही मर्यादा आहे, दहा लाखांत २०० भाग.

त्यावर औषधही निघालं. जांभळ्या तेलात झीजविरोधी मसाल्याची चिमूट पडू लागली. ती चिमूट पीएफएएस कुटुंबातली, म्हणजे निसर्गात लवकर विघटित न होणाऱ्या, ज्यांच्यावर आता जगभर डोळे वटारले जातात त्या रसायनांपैकी. एक दुखणं बरं केलं, दुसऱ्याची फाइल उघडली.

पापडासारखं सादळतं!

जांभळ्या तेलाची आणखी एक खोड. ते हवेतलं पाणी पितं. जुलैत मुंबईत पापडाचा डबा उघडा ठेवून बघा काय होतं. तेच. फक्त पापड नुसता नरम पडतो, हे तेल आंबट होतं! पाणी आणि फॉस्फेट एस्टर भेटले की आम्ल तयार होतं, उष्णता त्या भेटीला घाई करते, आणि ते आम्ल पंपाचा, व्हॉल्व्हचा धातू कुरतडतं.

म्हणून ठरावीक काळाने तेलाची रक्ततपासणी होते. कण किती, पाणी किती, क्लोरीन किती, आम्लता किती. आम्लतेचा आकडा साधारण १.५च्या पुढे गेला की डॉक्टर मान हलवतात. तेल बदला! शुगरचा रिपोर्ट बघून गुलाबजाम लपवणाऱ्यांना हा ताण बरोबर समजेल.

आणि उष्णता येते कुठून? पंपातून. ती घालवायची कशी? बोइंग ७३७ने भारी जुगाड केलाय. पंपाचं गरम तेल फिरवून आणतात ते पंखातल्या इंधनाच्या टाकीतून! इंधन थंड, तेल गरम, भेट झाली, तेल निवलं. त्यामुळे जमिनीवर इलेक्ट्रिक पंप चालवायचा तर टाकीत साधारण ७६० किलो इंधन हवंच, असा नियम आहे. इंधनाची टाकी म्हणजे माठ!

याच वाटेवर एक चिमुकला फिल्टर बसवलेला असतो, केस ड्रेन फिल्टर. तो उघडून पांढऱ्या फडक्यावर झटकला की मेकॅनिकला पंपाचं भविष्य दिसतं. काही नाही, उत्तम. सोनेरी चमचम दिसली? ते सोनं नव्हे, पंपातलं ब्राँझ आहे. पंप चाललाय, पण निरोप घेत चाललाय.

भुंकणारं विमान

थोडा कमर्शियल ब्रेक. नागपूरहून मुंबईला निघालेल्या ए३२०मध्ये माझ्या शेजारी एक आजी होत्या. विमान अजून जागेवरच. खालून आवाज आला, “व्हुफ! व्हुफ! व्हुफ!” आजींनी माझा दंड धरला. “अहो, खाली कुत्रं अडकलंय कुणाचं तरी! त्या मुलीला सांगा ना.”

कुत्रं नव्हे आजी, पीटीयू, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिट! हिरव्या आणि पिवळ्या सिस्टिमच्या दाबात ५०० पीएसआयचा फरक पडला की ही मशीन जागी होते आणि ताकदवान बाजूची ताकद कमजोर बाजूला देते. दुसरं इंजिन सुरू होताना ती स्वतःची टेस्टही घेते, म्हणून भुंकते. यातली नजाकत पाहा, एका सिस्टिमचं तेल दुसरीत एक थेंबही जात नाही. फक्त शाफ्ट फिरतो. शेजारणीने साखर दिली नाही, पण येऊन आपला रवा भाजून गेली, असं समजा. एकीकडे तेल खराब झालं तरी दुसरीकडे लागण होत नाही.

आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं. पण पाणी तरी पाजा त्याला.”

एक गंभीर परिच्छेद. बरं, तीन

३१ जानेवारी २०००. अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट २६१, एमडी-८३ विमान, मेक्सिकोच्या पुएर्तो व्हायार्ताहून निघालेलं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ते समुद्रात कोसळलं, ८८ माणसं गेली. शेपटीचा आडवा पंख वरखाली करणारा एक लांब पोलादी स्क्रू असतो, जॅकस्क्रू. तो ज्या ब्राँझच्या नटमध्ये फिरतो त्या नटचे आटे झिजून गेले होते. चौकशीत कारण निघालं, ग्रीस पुरेसं नव्हतं.

इथे हायड्रॉलिक तेल नाही, ग्रीस आहे, पण सर्व्हिसिंगच्या तारखेची याहून बोलकी गोष्ट मला माहीत नाही. १९८५मध्ये या स्क्रूला दर ७०० उड्डाणतासांनी ग्रीस लागत होतं. मुदत टप्प्याटप्प्याने ताणत १९९६मध्ये दर आठ महिन्यांनी झाली, म्हणजे साधारण २,५५० तास. प्रत्येक टप्पा कागदावर रीतसर मंजूर! नट दर हजार तासांना इंचाचा एक हजारांश झिजेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात झिजला त्याच्या बारापट. १९९७च्या सप्टेंबरात मोजला तेव्हा नट ०.०४० इंचाच्या कमाल मर्यादेवर नेमका उभा होता. बदलायचं ठरलं. मग पुन्हा मोजला, ०.०३३ आला, आणि विमान पुन्हा उडू लागलं. दरम्यान कंपनीने ग्रीसचा ब्रँडही बदलला होता. पहिला संशय त्याच्यावरच गेला. चौकशीने त्याला निर्दोष सोडलं. ग्रीस कुठलं हा प्रश्नच नव्हता, ग्रीस होतं कुठे हा होता.

आणि ते लावायचं कसं, हे जवळून बघा. उंच शेपटीवर चढायचं, छोटंसं झाकण उघडायचं, त्यातून हात घालायचा. हात आत गेला की डोळ्यांना जागा उरत नाही. ग्रीसगन नटच्या निपलला लावून दाबत राहायचं, नटच्या वरून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग स्क्रूच्या आट्यांवर ब्रशने लावायचं, आणि स्क्रू पूर्ण वरखाली फिरवायचा. झाकण मोठं करा, अशी शिफारस अपघातानंतर झाली. ग्रीसची मुदतही खाली आली, ६५० तासांवर.

मग रोजच सर्व्हिसिंग करा की!

थांबा! इथेच ट्विस्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या पाणबुडीविरोधी विमानांची दर ५० तासांनी कसून तपासणी व्हायची. सी. एच. वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने बिघाडांचा आलेख काढला आणि डोकं खाजवलं. बिघाड सगळ्यात जास्त केव्हा? तपासणीच्या लगेच नंतर! उघडलं, हात लावला, बिघडवलं. याला आज वॉडिंग्टन इफेक्ट म्हणतात. (घरचा फॅन इलेक्ट्रिशियनने ‘चेक’ केल्यावर आवाज करायला लागतो, तो हाच इफेक्ट असावा.) आणि हा वॉडिंग्टन मूळचा बायोलॉजिस्ट बरं का, ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द त्याचाच.

१९७८मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलान आणि हीप यांनी आणखी मोठा बॉम्ब टाकला. विमानाच्या पार्टपैकी ८९ टक्के असे, की ‘इतके तास झाले, बदला’ या नियमाचा त्यांना काही फायदाच नाही! झिजून म्हातारे होणारे फक्त ११ टक्के. याच विचाराचा हिशेब पाहा. पहिल्या २०,००० तासांतल्या मोठ्या तपासण्यांसाठी जुन्या डीसी-८ला ४० लाखांहून जास्त मनुष्यतास लागायचे. त्याहून कितीतरी मोठ्या ७४७ला? फक्त ६६,०००!

मग कळीचा प्रश्न एवढाच, तुमचा पार्ट ११ टक्क्यांतला की ८९तला? जॅकस्क्रूचा नट ११मधला होता.

शिवाय विमानाच्या पार्टला घड्याळं तीन. उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि साधं भिंतीवरचं कॅलेंडर. चाकांच्या गिअरचं ओव्हरहॉल साधारण १० वर्षांनी किंवा २०,००० लँडिंगनंतर, जे आधी येईल ते. म्हणून छोट्या पल्ल्यावर दिवसाला सात-आठ फेऱ्या मारणाऱ्या विमानाचे पाय लवकर थकतात. आणि नुसतं पार्किंगमध्ये उभं असलेलं विमानही म्हातारं होतं, कारण तेल सादळतं आणि रबर कडक होतं. गाडी वर्षभर कव्हरखाली ठेवून ‘एकदम नवीन आहे’ म्हणणाऱ्या काकांना हे वाक्य फॉरवर्ड करा.

पिशवीतून आलं तेल!

अमेरिकेचं एसआर-७१ आवाजाच्या तिप्पट वेगाने उडायचं. अंग इतकं तापायचं की साध्या तेलाचा टिकाव लागेना. डिझायनर केली जॉन्सन यांनी प्रचंड तापमानात टिकणाऱ्या हायड्रॉलिक तेलाची जाहिरात वाचली आणि नमुना मागवला. नमुना आला तो कॅनव्हासच्या पिशवीत! तेल आणि पिशवीत? उघडून बघतात तर पांढरी पावडर. साध्या तापमानाला ते तेल घन होतं! वापरायचं म्हटलं तर उडण्याआधी सगळे पाइप ब्लोटॉर्चने शेकावे लागले असते. शेवटी पेट्रोलियमचंच खास तेल बनवून घेतलं, किंमत सुरुवातीला १३० डॉलर गॅलन. म्हणून ते गळू द्यायची सोय नव्हती. उलट याच विमानाचं इंधन जमिनीवर उभं असताना बिनदिक्कत गळत राहायचं.

काँकॉर्डचं तर तिसरंच. तिच्या नाकाचा शेंडा आवाजाच्या दुप्पट वेगात १२७ अंशांपर्यंत तापायचा, आणि तिच्यासाठी ना लाल ना जांभळं, सिलिकेट एस्टरचं वेगळंच तेल. राणीसाहेबांचा स्वयंपाक वेगळा!

जाता जाता अंतराळातली गंमत. जानेवारी २०१५. स्पेसएक्सचं फाल्कन ९ रॉकेट समुद्रातल्या जहाजावर उतरायचा पहिला प्रयत्न करत होतं. त्याला दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक ‘ओपन’ पद्धतीचं होतं. वापरलेलं तेल परत टाकीत न येता बाहेर सोडून द्यायचं. रॉकेट जहाजापर्यंत आलं, आणि लँडिंगच्या जरासं आधी तेल संपलं! पंख अडकले, रॉकेट तिरकं आपटलं, धडाम.

पुढच्या रॉकेटसाठी ५० टक्के जास्त तेल ठेवलंय, असं मस्कसाहेबांनी जाहीर केलं. एप्रिल २०१५मध्ये पुन्हा जहाजावर प्रयत्न झाला. तेल पुरलं, पंख मस्त हलले, रॉकेट अगदी डेकवर टेकलं. आणि कलंडलं. कारण काय? इंजिनाचा एक व्हॉल्व्ह जरा अडखळत हलला.